भरपाईची आणि वारसाहक्काची वकिली: आपण मोकळं सोडलेलं मैदान

आपल्या वस्तीतल्या, वसतिगृहातल्या कुठल्याही लॉच्या विद्यार्थ्याला विचारा, पुढे कोणती प्रॅक्टिस करणार? उत्तरं ठरलेली असतात. कुणाला हायकोर्टात रिट लढवायच्या आहेत, कुणाला अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस चालवायच्या आहेत, कुणी जेएमएफसीची तयारी करतो आहे आणि उरलेले एमपीएससीत अडकलेत. "मी अपघाताचे दावे चालवणार" किंवा "मी वारसाहक्काचे, वाटपाचे दावे चालवणार" असं छातीठोक सांगणारा आंबेडकरी तरुण मला क्वचितच भेटला. एखादा तसं काम करत असलाच तर त्याच्याबद्दल आपण आवाज खाली करून बोलतो. "तो काय, क्लेमवाला वकील आहे."

या तुच्छतेची किंमत कोण मोजतं ते बघू या.

ट्रकवर क्लीनर कोण असतो? ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोण बसलेलं असतं? परातीवर, स्लॅबवर, गटारात, कचऱ्याच्या गाडीवर कोण आहे? आता त्यात पाठीवर पिशवी घेऊन दहा मिनिटांत सामान पोचवणारी आपली पोरं आली. अपघात सगळ्यांनाच होतात, पण रस्त्यावर आणि कामावर शरीर पणाला लावून जगणारा समाज कोणता हे वेगळं सांगायला नको. असा माणूस गेला की त्याच्या घरात दोन कायदे एकदम शिरतात. एक भरपाईचा, दुसरा वारसाचा. त्या घराला पहिल्या दिवशी जो वकील भेटतो त्याच्यावर पुढची वीस वर्षं ठरतात. आणि तो वकील आपला नसतो. बहुतेक वेळा तो वकीलही नसतो, एजंट असतो.

मुद्दा आकड्यांत सांगतो, कारण या क्षेत्रात भावनेनं काही मिळत नाही.

समजा ३२ वर्षांचा एक बिगारी कामगार रस्त्यावर गेला. मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत हिशेबाची रीत ठरवून दिली आहे. महिन्याच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे (वय चाळिशीच्या आत आणि पक्की नोकरी नाही म्हणून ४०), बाराने गुणायचं, अवलंबून असलेली चार माणसं आहेत म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा, आणि वयाप्रमाणे १६ च्या गुणकाने गुणायचं. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणानं अंदाजे ८,००० रुपये महिना धरला तर उत्तर येतं १६ लाख १२ हजार ८००. तोच माणूस महिन्याला १५,००० कमवत होता हे सिद्ध झालं तर उत्तर येतं ३० लाख २४ हजार. माणूस तोच, मरण तेच, कायदाही तोच. फरक १४ लाख ११ हजार २०० रुपयांचा. (पत्नी, मुलं आणि आईला साहचर्य गमावल्याबद्दल मिळणारी रक्कम आणि अंत्यविधीचा खर्च यांत धरलेला नाही.)

हा फरक कुठून येतो? पुराव्यातून. मुकादमाची हजेरीची वही कोर्टात आणली का? ठेकेदाराला समन्स काढून पिंजऱ्यात उभं केलं का? किराणा दुकानाची उधारी, मुलांच्या शाळेची फी, बचत गटाचा हप्ता, फोनवरून आलेले पैसे यांतून त्या घराचा महिन्याचा खर्च दाखवला का? किमान वेतनाची त्या वर्षाची अधिसूचना जोडली का? हे काम भाषणाचं नाही. चार वेळा वस्तीत जाऊन, ठेकेदाराच्या दारात ताटकळून कागद गोळा करण्याचं आहे. पंचवीस टक्क्यांच्या आशेनं केस घेतलेला एजंट हे करत नाही. तो एफआयआर, पंचनामा आणि पीएम रिपोर्ट जोडतो, लोकअदालतीची तारीख बघतो आणि कंपनीच्या पहिल्या आकड्यावर बाईचा अंगठा घेतो.

जखमी माणसाचं प्रकरण तर याहून नाजूक. डॉक्टर दाखला देतो, "६० टक्के कायम अपंगत्व". विमा कंपनीचा वकील म्हणतो, मग कमाईचं नुकसानही ६० टक्केच. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेलेला कारकून टेबलावर बसून नोकरी करू शकेल, पण हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते. हा निकाल पाठ असून भागत नाही. त्या डॉक्टरला साक्षीला बोलवावं लागतं, हा माणूस रोज काय काम करायचा हे त्याच्या तोंडून रेकॉर्डवर आणावं लागतं. उलटतपासणीची खरी कसोटी इथे लागते. मूट कोर्टात कलम १४ वर बोलणारा आपला हुशार मुलगा इथे पहिल्या तारखेला गडबडतो, कारण त्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं.

आता कुणी म्हणेल, हा हिशेबच मुळात जातीचा आहे. ज्याची कमाई कमी ठेवली त्याच्या मरणाची किंमतही कमी. बरोबर आहे. सूत्रात जात कुठेच लिहिलेली नाही, पण उत्पन्नाच्या रकान्यातून ती आत येते. पिढ्यान्पिढ्या ज्याला हलकं काम दिलं, त्याच कामाच्या हलक्या मजुरीवर त्याच्या आयुष्याचा भाव ठरतो. पण हा युक्तिवाद लेखात करून काय होणार? तो न्यायाधिकरणात कुणीतरी करायला हवा. अमेरिकेत तो केला गेला. तिथे वर्षानुवर्षं भरपाई ठरवताना वंशानुसार केलेले आयुर्मानाचे आणि कमाईचे तक्ते वापरले जायचे. काळा माणूस कमी जगतो आणि कमी कमावतो, म्हणून त्याला भरपाईही कमी. न्यू यॉर्कमधल्या एका बोट अपघातात जायबंदी झालेल्या काळ्या माणसाच्या दाव्यात न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी २००८ साली असा तक्ता वापरायला साफ नकार दिला. २०१५ मध्ये शिशाच्या रंगामुळे मेंदूला इजा झालेल्या एका हिस्पॅनिक मुलाच्या केसमध्ये त्यांनी तेच केलं. ते मूल हिस्पॅनिक आहे म्हणून ते फार शिकणार नाही, हे म्हणणं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पुढे कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदाच करून वंश आणि लिंग यांच्या आधारे कमाईचं नुकसान कमी धरणं बंद केलं. ही वाट इजेच्या दाव्यांतून निघाली. जखमी माणसाच्या बाजूनं एका वकिलानं दावा लावला नसता तर त्या न्यायाधीशासमोर प्रश्नच आला नसता.

आपल्याकडे गटारातल्या मृत्यूंबाबत थोडं असंच झालं. २०१४ च्या निकालात १० लाख, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या बलराम सिंग निकालात ३० लाख. सफाई कामगाराच्या मजुरीचा गुणाकार न करता न्यायालयानं एक रक्कम ठरवून दिली. तत्त्व म्हणून हे फार मोठं आहे. पण निकाल आपोआप घरी चेक आणून देत नाही. मृत्यू गटारात झाला हे नाकारलं जातं, माणूस आमचा नव्हता असं ठेकेदार म्हणतो, ठेकेदार आमचा नव्हता असं पालिका म्हणते. ठेकेदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारी तरतूद १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून आपल्याकडे आहे. आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता घेते आहे. जाता जाता एक गोष्ट. त्याच १९२३ साली बाबासाहेबांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

माणसाला झालेली इजा आणि त्याचा वारसा ही दोन क्षेत्रं वेगळी वाटतात. ती एकाच वकिलाच्या हातात कशी येतात हे बघायचं तर फ्रेड ग्रे यांची कारकीर्द वाचा. १९३० चा जन्म, अलाबामातल्या माँटगोमेरीचा. स्वतःच्या राज्यातलं गोऱ्यांचं लॉ कॉलेज काळ्यांना घेत नव्हतं म्हणून ओहायोत जाऊन १९५४ मध्ये पदवी घेतली आणि परत आपल्याच गावी येऊन ऑफिस थाटलं. पुढच्याच वर्षी रोझा पार्क्स यांचं वकीलपत्र त्यांच्याकडे आलं. बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा खटलाही त्यांनीच चालवला. हे आपल्या तरुणांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं.

१९७२ मध्ये टस्कीगीचं प्रकरण उघडकीला आलं. १९३२ पासून चाळीस वर्षं अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्यानं अलाबामाच्या मेकन काउंटीतल्या सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर अभ्यास केला होता. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना ते सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिलं नाही. अंत्यविधीसाठी ५० डॉलर देतो, मेल्यावर शवविच्छेदन करू द्या, असा सौदा होता. १९७३ मध्ये फ्रेड ग्रे यांनी या माणसांच्या वतीनं भरपाईचा दावा लावला आणि १९७४ मध्ये सरकारला १ कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. रोग असलेल्या हयात माणसाला ३७,५०० डॉलर, रोग घेऊन मेलेल्याच्या वारसांना १५,००० डॉलर. आता विचार करा, मेकन काउंटीतल्या शेतमजुरांचे वारस शोधणं म्हणजे काय. कुणाची जन्मनोंद नाही, कुणी पोटासाठी उत्तरेकडच्या शहरात गेलेलं. दावा जिंकल्यावर वारस ठरवण्याचं किचकट काम उरतंच, आणि ते केलं नाही तर जिंकलेला पैसा तसाच पडून राहतो. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. पैसा त्याच्या वीस वर्षं आधी आला होता, कारण एका वकिलानं तो मागितला होता. नागरी हक्कांच्या लढ्यातला हा नामवंत माणूस या कामाला "क्लेमचं काम" म्हणून कमी लेखत नव्हता. २०२२ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

आता आपल्या गावाकडे या. महार वतनाच्या जमिनी. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं होतं. वतनं खालसा झाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्यानं. कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्याला जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीनं. सातबाऱ्यावर आजही "इनाम वर्ग ६ ब" किंवा "भोगवटादार वर्ग २" असं दिसतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. कागदावर हे संरक्षण आहे. प्रत्यक्षात काय होतं? आजोबा १९७० च्या आसपास गेले, वारस नोंद झाली नाही. वडील गेले, तेव्हाही नाही. पाच भावांची पोरं मुंबई, पुणे, सुरत अशी पांगली. आज त्या दोन एकरांवर साठ माणसांचा हक्क आहे आणि सातबाऱ्यावर एका मेलेल्या माणसाचं नाव. मग एक गाडी गावात येते. प्रत्येकाच्या हातावर थोडे पैसे ठेवले जातात, कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतल्या जातात. पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर वतन जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये गाजला, तोही कुलमुखत्यारपत्राच्या वाटेनंच झाला होता. तो गाजला कारण जमीन शहरातली होती आणि आकडा मोठा होता. तालुक्यातले व्यवहार गाजत नाहीत.

अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या शेतकऱ्यांची जमीन अशीच गेली. मृत्युपत्र नाही, वाटप नाही, जमीन सगळ्या वारसांची समाईक. सट्टेबाज एका लांबच्या वारसाचा छोटा हिस्सा विकत घ्यायचा आणि कोर्टात वाटपाचा दावा लावून सगळी जमीन लिलावात काढायला लावायचा. थॉमस मिचेल या काळ्या प्राध्यापकानं या विषयाचा पिच्छा पुरवला, २०१० मध्ये त्यावर नमुना कायदा तयार झाला आणि वीसहून जास्त राज्यांनी तो स्वीकारला. त्या कायद्यात एक साधी गोष्ट आहे. लिलावाआधी बाकीच्या वारसांना तो हिस्सा विकत घेण्याची संधी द्यायची. आपल्याकडे ही तरतूद १९५६ पासून आहे! हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २२. एक वारस वारशात मिळालेला आपला हिस्सा बाहेर विकत असेल तर दुसऱ्या वारसाला आधी घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. आपल्या किती वकिलांनी हे कलम वतनाच्या जमिनीसाठी वापरून पाहिलं आहे?

(होय, आपण बौद्ध झालो तरी वारसाहक्काला हाच कायदा लागू आहे. नाव खटकतं, मलाही खटकतं. पण नाव खटकतं म्हणून कायदा वाचायचाच नाही, हे बाबासाहेबांना चाललं नसतं.)

याच कायद्यावरून आपल्या घरातलंही थोडं बोलू. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं हे आपण दर वर्षी व्यासपीठावरून सांगतो. त्या बिलात मुलीचा हिस्सा होता. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलीला जन्मानं हिस्सेदार केलं, २०२० च्या विनीता शर्मा निकालानं उरलीसुरली शंकाही मिटवली. आणि आपल्या घरात? बाप गेल्यावर तेराव्याचे विधी आपण करत नाही, पण बहिणींना गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायला नेतो. "तुझ्या लग्नात खर्च केला ना." बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली होती तोवर तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार म्हटल्यावर भाऊ एकमेकांवर वकील लावतात आणि बहिणीचं नाव कुठल्याच अर्जावर नसतं. वारसाहक्काची वकिली करणारा आंबेडकरी वकील हवा तो यासाठीही. त्या बहिणीला सही करण्याआधी "थांब, आधी वाच" असं सांगणारं कुणीतरी हवं.

पैशाबद्दल आपल्याकडे संकोच आहे, म्हणून तेही स्पष्ट बोलतो. या वकिलीत पैसा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाबासाहेबांनीही वकिली करून, कॉलेजात शिकवून घर चालवलं आणि चळवळ उभी केली. सरकारी नोकरीतला कार्यकर्ता बदलीच्या धाकात असतो, प्रकल्पाच्या पैशावरचा कार्यकर्ता देणगीदाराच्या मर्जीत. तालुक्याला स्वतःचं ऑफिस असलेला वकील दोन्हीतून सुटतो. फ्लोरिडातले विली गॅरी शेतात राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या घरातले. १९७५ मध्ये त्यांनी स्टुअर्ट या गावात ऑफिस उघडलं, इजेचे दावे लढवून मोठे झाले, आणि ज्या शॉ विद्यापीठानं त्यांना शिकवलं त्या काळ्यांच्या संस्थेला १ कोटी डॉलर देऊ केले. तिथे जिंकलेल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून घेता येतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी टक्केवारीवर केस घेणं मना आहे, आणि मला हा नियम योग्य वाटतो. तो सर्रास मोडला जातो, म्हणून आपणही मोडावा असं नाही. फी ठरवून घ्या, हप्त्यानं घ्या, पावती द्या. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याची सोय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. त्या पॅनेलवर नाव घालायला आपल्या नव्या वकिलांना कुणी अडवलेलं नाही.

लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना माझं म्हणणं आहे, किमान तीन वर्षं जिल्ह्याच्या कोर्टात मोटार अपघात न्यायाधिकरण आणि दिवाणी या दोन्हीकडे काम करणाऱ्या सिनिअरकडे काढा. हायकोर्ट कुठे पळून जात नाही. आणि कार्यकर्त्यांनी काही गोष्टी आजपासून वस्तीत सांगायला सुरुवात करा. अपघाताचा दावा लावायची मुदत आता कायद्यात सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अपघात कर्नाटकात झाला तरी बीडची विधवा दावा बीडमध्ये लावू शकते. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजार सरकारी योजनेतून मिळतात, त्यासाठी अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत करायचा असतो.

वारस नोंदीसाठी २०२५ मध्ये सरकारनं "जिवंत सातबारा" नावाची मोहीम काढली. सरकारच्या मोहिमा येतात आणि जातात. आपल्या विहारात महिन्यातून एक रविवार ठेवायला कुणाची मोहीम लागत नाही. एक वकील, एक टेबल आणि घरोघरचे कागद. मृत्यूचा दाखला, जुना सातबारा आणि फेरफार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेली वंशावळ. त्या वंशावळीत मुलींची नावं आहेत की नाहीत ते टेबलावरच्या वकिलानं पहिल्यांदा तपासायचं.